खुंट्याचा गुडघा

फुटबॉल क्लबच्या दारातच खुंट्याचा भलामोठा फोटो लावलेला आहे आणि त्याखाली लिहिलंय, 'दुखापतीला कधीच न जुमानलेला योद्धा'. ते वाचलं की खुंट्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते. जुमानलं नाही म्हणे! जुमानायची सोय कुणी ठेवली होती?

तरुणपणी तो गोलसमोर असा काही रुतून उभा राहायचा, की लोकांनी त्याचं नावच खुंटा ठेवलं. बचावपटूचा धंदा मुळातच बिनआभाराचा. पुढच्यांनी समोरचा गोल सोडून चेंडू आभाळात मारायचा, आणि सामना हरला की वड्याचं तेल वांग्यावर, शिव्या मागच्यांना. अशातच त्याचा उजवा गुडघा सुजला आणि क्लबच्या डॉक्टरने त्यात सुई टोचली. दुखणं गेलं, दुखापत मात्र तिथेच राहिली. पुढच्या सामन्याला पुन्हा सुई, आणि मग तो रिवाजच पडला. दुपारी जिवाच्या आकांताने पळायचं आणि संध्याकाळी बायकोच्या खांद्यावर भार टाकून पलंग गाठायचा.

"हा पाय तुमचा आहे की क्लबचा?" ती विचारायची. तो हसायचा. लोक वाघ म्हणत होते ना! ऐन उमेदीत पाय कामातून गेला, तेव्हा त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते त्याला विसरून गेले. गरज सरो, वैद्य मरो.

पुढे लहानसहान संघांना शिकवत तो पुन्हा त्याच क्लबात मॅनेजर म्हणून आला. गुडघा अजूनही वाकत नाही. मॅनेजरच्या पायात मोजे त्याची बायको चढवते, हे त्या फोटोखाली कुणी लिहीत नाही.

यंदा संघ पार तळाला गेला होता. शेवटचा सामना हरला तर संघ खालच्या गटात आणि खुंटा घरी, हे मालकाने बजावून ठेवलं होतं. आणि नेमका आदल्या दिवशी कर्णधाराचा गुडघा सुजला. तोही बचावपटूच, संघाचा कणा. खुंट्याने सांध्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला, तर एवढा थोराड गडी ओरडत टेबलावर उठून बसला.

"उद्या तू खेळत नाहीस."

मालक धावतच आला. "अहो, एक सुई टोचली की झालं! तुम्ही स्वतः काय कमी टोचून घेतल्यात?"

"म्हणूनच नाही म्हणतोय."

"हरलो तर तुमची नोकरी जाईल, लक्षात आहे ना?"

"आहे. जाऊ दे."

मालक पाय आपटत गेला. कर्णधार पडल्यापडल्या म्हणाला, "सर, तुम्ही केलंत तर योद्धा आणि मी केलं तर मूर्ख, होय? तुमचा तो फोटो बघतच मोठा झालोय मी."

खुंट्याला कर्णधाराचा राग आला नाही. त्या फोटोचा आला, आणि फोटोत दात काढून उभ्या असलेल्या स्वतःचा तर फारच आला.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये पाहतो तर कर्णधार बूट चढवून तयार. "सर, सूज उतरली. बर्फ लावला होता. हवं तर दाबून बघा."

खुंट्याने त्याच जागी अंगठा ठेवला. आधी हळू दाबला, मग सगळा जोर लावला. कर्णधार हसतच होता. "बघा, काही नाही!"

तिथेच तो फसला. इतका अंगठा रुतला तर धडधाकट गुडघ्याचा माणूसही निदान तोंड वाकडं करतो. काहीच न कळणं हे फक्त सुईचं काम, आणि ते खुंट्याला नाही कळणार तर कुणाला? कोपऱ्यात डॉक्टर मान खाली घालून बॅग आवरत होता.

"पगार पाय बरे करायचा घेतोस की मारायचा?" खुंटा त्याच्यावर कडाडला.

"मालकांनीच सांगितलं..."

"मग मालकाच्या गुडघ्यात टोच ना!"

कर्णधार बाहेर बसला. सामना संपत आला असताना एक उंच चेंडू गोलसमोर आला आणि कर्णधार जिथे उभा असायचा, नेमक्या त्याच रिकाम्या जागेतून गोल झाला. एका गोलने संघ हरला. प्रेक्षकांनी खुंट्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि मालकाने मैदानातून आत येणाऱ्या बोळातच त्याला नारळ दिला.

सामान घ्यायला तो ड्रेसिंग रूममध्ये आला, तेव्हा कर्णधार एकटाच गुडघा धरून बसला होता. सुईचा अंमल उतरला होता. वेदनेने त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"सर, मी असतो तर जिंकलो असतो."

"जिंकलो असतो," खुंटा म्हणाला.

"मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

"नको करूस. जन्मभर शिव्या घाल. पण बाहेर तुझी मुलगी थांबलीय, तिच्यामागे पळता पळता घाल."

बॅग उचलून, दार धाडकन आपटून कर्णधार लंगडत निघून गेला.

खुंटा बाकावर बसला. मालकावरचा राग बोळातच ओकून झाला होता. हा राग वेगळा होता. आपल्या वेळी याच खोलीत इतकी शहाणीसुरती माणसं होती, आपल्याला जीव लावणारी होती, आणि त्यांतल्या एकानेही आपल्याला असं बाहेर बसवलं नाही.