भावानं चोरलेलं कार्ड

भाचीच्या लग्नाला मी जर्मनीहून श्रीगोंद्याला माहेरी आले होते. परतायच्या आदल्या दिवशी पर्स उघडली, तर तिकडच्या रहिवासाचं कार्ड गायब. पासपोर्ट होता, नोटाही तशाच होत्या. नोटा सोडून कार्ड नेणारा चोर बाहेरचा नसतो.

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, दुसरं कारड मिळंस्तवर ऱ्हा की निवांत. तवर हक्कसोडीवर सही बी हुईल."

वडिलांच्या उसाच्या रानातला हिस्सा बहिणीनं साडीचोळी घेऊन भावाला सोडायचा, ही आमच्याकडची रीत. लग्नातच त्यानं विषय काढला होता. "जाताना बघू," एवढंच मी म्हणाले होते.

पोलीस 'हरवलं' असं लिहून घ्यायला बघत होते, मी चोरीचीच तक्रार दिली. संशय कुणावर, असं त्यांनी विचारल्यावर मात्र मी भावाचं नाव दिलं नाही. याची जिरवायची तर मीच जिरवणार होते. मुंबईच्या वकिलातीतून परतीचा व्हिसा येईपर्यंत मी त्याच्याच घरात राहिले, त्याच्याच ताटातलं जेवले आणि वकील गाठून वाटपाचा दावा ठोकला.

निघताना भावजयीनं ओटी भरली. भाऊ उंबऱ्यात उभा होता. "सख्ख्या भावावर दावा लावलास, ताई?"

"त्या दिवशी तुला हक्कसोड करून द्यायलाच निघाले होते," मी म्हणाले. "त्यासाठी आधार कार्ड काढायला पर्स उघडली, तेव्हा चोरी कळली."