अक्कांच्या सुटीच्या चिठ्ठ्या

आदरणीय कमलअक्कांची पहिली भेट धुळ्यातल्या त्यांच्या विशेष शाळेच्या ओसरीवर झाली. माझी रेणू तेव्हा सात वर्षांची होती. ती बोलत नसे, नजरेला नजर देत नसे. ‘स्वमग्न’ हा शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला. मी खेड्यातला शिक्षक. तोवर नवस आणि शांती करून थकलो होतो. अक्कांनी त्यावरून मला एका शब्दानेही दुखावले नाही.

शाळा रेणूला मानवली. पण सुटी लागली की ती कोलमडे. शाळा पुन्हा भरेल, हे तिला उमगत नसे. ती भिंतीवर डोके आपटत राही. म्हणून दिवाळीआधी अक्कांनी सुटीच्या दिवसांइतक्या चिठ्ठ्यांची गड्डी स्वतः दोऱ्याने शिवून दिली. प्रत्येकीवर त्या त्या दिवसाचे चित्र आणि शेवटच्या चिठ्ठीवर शाळेचे फाटक. सरलेल्या दिवसाची चिठ्ठी रेणूने रोज सकाळी फाडायची.

रेणू शांत राहू लागली. पण लक्ष्मीपूजनाच्या चिठ्ठीवर लक्ष्मी होती. दुसऱ्या दिवशी रेणू ती फाडू लागताच मी तिचा हात धरला. देवीचे चित्र फाडायचे कसे? गड्डी मी देव्हाऱ्यात ठेवली. रेणूने अन्न सोडले, कपाळ फोडून घेतले. शेवटी मी शेजारच्या दुकानातून, दिवाळीसाठी जळगावच्या घरी गेलेल्या अक्कांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भावांना ओवाळायचे सोडून अक्का पहिल्या एसटीने आल्या.

“कालपाईन पोरनी घास लिधा नही, अक्का,” माझी आई रडत म्हणाली.

अक्का माझ्याकडे वळल्या. “भाऊ, लक्ष्मी घरात अडवायची हौस कळते हो! पण पोरीचा दिवस कशाला अडवलात?” मग हलकेच म्हणाल्या, “चूक माझीच. तुमच्या घरात काय फाडत नाहीत, ते मी आधी विचारायला हवं होतं.”

त्यांनी गड्डीचा दोरा उसवला. लक्ष्मीची चिठ्ठी अखंड निघाली. ती त्यांनी रेणूच्या हाताने देव्हाऱ्यात ठेववली. रेणूने खालची पाडव्याची चिठ्ठी फाडली, भाऊबीजेची बोटाने चाचपली आणि ती ताटावर जाऊन बसली. त्या क्षणी मी हात जोडले. देवाला की अक्कांना, हे आजही सांगता येणार नाही.

पुढे मी त्यांच्याच शाळेत रुजू झालो. त्या दिवाळीपासून अक्का प्रत्येक घरी ‘तुमच्याकडे काय फाडत नाहीत?’ हे आधी विचारतात आणि मगच गड्डी शिवतात.

आता साठीनंतर अक्कांनाच सुटी लागते आहे. रेणूने त्यांच्यासाठी गड्डी केली आहे. तिच्या प्रत्येक चिठ्ठीवर शाळेचे फाटकच आहे. अक्कांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ती गड्डी कधी न सरो, एवढेच परमेश्वराजवळ मागतो.