एकनाथ पराते जेवायला बसतो

एकनाथ परातेच्या घरून कोणी नुसता चहा पिऊन गेलं, असं ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये कधी घडलं नाही. आठवडाभर तो कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात गुंडाळलेला, मशिन सांभाळायचा. शनिवार आला की मागच्या अंगणात गॅसची शेगडी मांडून मोठं पातेलं चढवायचा. मूळचा नागपूरचा, विणकर कोष्ट्यांच्या घरातला. त्यामुळे सावजी मटणरस्सा त्याला कोणाला शिकवावा लागला नव्हता. पुण्या-मुंबईहून व्हिसावर आलेली एकटी पोरं त्याच्या अंगणात नाक पुसत पुसत रस्सा ओरपायची आणि हा पळी घेऊन त्यांच्या पाठीशी उभा असायचा.

“घे ना बाप्पा! लाजून काय राहिला?”

स्वतः जेवायचा सगळ्यांच्या शेवटी, उभ्याउभ्या. त्याची बायको मीनाक्षी साताऱ्याची, जन्मापासून शाकाहारी. मटण घरात नाही, अंगणात, हा तिचा एकच नियम. एकनाथचाही स्वतःपुरता एक नियम होता. अमेरिकेला निघताना आईने सांगितलं होतं, “काहीही खा बाबू, पण गाईचं तेवढं नको.” आई जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण कँटीनच्या खिडकीशी उभं राहून “यात बीफ नाही ना?” हे विचारल्याशिवाय त्याने आजवर घास घेतला नव्हता. आश्लेषालाही त्याने तसंच वाढवलं.

आश्लेषा त्यांची एकुलती एक. तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली, आणि आता डॉक्टर व्हायचं म्हणून कॉलेजसाठी लॉस एंजेलिसला गेली होती. पहिलं वर्ष संपलं तसे तिचे फोन आखूड झाले. “ऑल गुड, बाबा. बिझी आहे. बाय.” एकनाथ फोन ठेवायचा आणि मीनाक्षीला म्हणायचा, “मजेत आहे म्हणते.” दोघांनाही त्यात काही दम वाटत नसे.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात त्याने सरळ गाडी काढली. सहा तास वाळवंट तुडवत दोघं तिच्या दारात उभे राहिले. डिकीत चिवडा, बेसनाचे लाडू आणि मीनाक्षीने शिवलेली गोधडी. लेकीने मिठी मारली, पण जेवायला कुठे जायचं म्हटल्यावर जरा घुटमळली.

“इकडे कोरियन बार्बेक्यू फेमस आहे. बाबा, तुम्हाला आवडेल. टेबलावरच ग्रिल असतं.”

“टेबलावर शेगडी?” एकनाथचे डोळे चमकले. “चल, पाहूच.”

कोरियन वस्तीतलं ते हॉटेल एवढंसं होतं. प्रत्येक टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांचा खळगा, त्यावर जाळी आणि वरून धूर ओढून घेणारी हत्तीच्या सोंडेसारखी नळी. बसताक्षणी समोर दहा-बारा वाट्या आल्या. न मागता. मीनाक्षी हरखलीच. “अगं, हे तर ताटाची डावी बाजू मांडल्यासारखं झालं!” आश्लेषाने तिला एकेक समजावून दिलं. त्या लाल कोबीच्या लोणच्यात मासळी असते, ते नको; मोड आलेलं कडधान्य चालेल, तीळ घातलेला पालक चालेल. मीनाक्षीने पालक चाखला आणि वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

हॉटेल चालवणारी बाई साठीची असेल. ठेंगणी, केस आखूड, कमरेला एप्रन, चेहरा कडक. सगळी पोरं तिला ‘इमो’ म्हणत होती.

“इमो म्हणजे मावशी,” आश्लेषा म्हणाली.

“म्हणजे घरचंच काम झालं,” एकनाथ म्हणाला.

आश्लेषाने पोर्क आणि चिकन सांगितलं. पण इमो परत आली ती वेगळंच ताट घेऊन. हाडाला धरून पातळ उलगडलेलं, मसाल्यात मुरलेलं मांस. तिने ते जाळीवर पसरलं, आश्लेषाचा खांदा थोपटला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “आश्ली फेव्हरिट! मामा-पापा कम, सो फ्री!” आणि दुसऱ्या टेबलाकडे गेलीसुद्धा.

चर्रर्र आवाज झाला. वास असा सुटला की एकनाथ नकळत पुढे वाकला. “काय आहे हे?”

आश्लेषाचा चेहरा उतरला होता. “बाबा... दॅट्स बीफ.”

लेकीचं हे ‘फेव्हरिट’ आहे, म्हणजे ती इथे बसून हे कैकदा खाऊन गेली आहे, हे एकनाथच्या मनात हळूहळू उतरलं. मीनाक्षीने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

“सांगितलं का नाहीस?” तिने विचारलं.

“तुम्ही अपसेट झाला असतात. आय डिडन्ट वॉन्ट टू फाइट.” तिचे डोळे भरले. “सगळंच सांगायची भीती वाटते मला. मग मी काहीच सांगत नाही.”

एकनाथ जाळीकडे बघत बसला. त्याला आईचा शब्द आठवला, आणि आई गेली तेव्हा विमानतळावर आपण एकटेच कसे रडलो तेही आठवलं. राग होता का? होता. पण त्याहून जास्त दुसरंच काहीतरी टोचत होतं. पोर आपल्याला घाबरते? शनिवारी परक्यांच्या पोरांना आग्रह करकरून वाढणाऱ्या आपल्याला, आपलीच पोर घाबरते?

इतक्यात मांसाची एक कड काळी पडायला लागली.

एकनाथ पराते आयुष्यात खूप काही सहन करू शकला असता, पण समोर मांस करपलेलं त्याला बघवलं नसतं. त्याने चिमटा उचलला. तुकडे उलटले, निखारा जास्त होता तिथून बाजूला सारले. मांस कापायला ठेवलेली कातर उचलली तेव्हा मात्र हात क्षणभर थबकला. त्याच्या घरी कातर सुताला लागायची. कातरीने मांस कापलेलं बघून बापाने कपाळाला हात लावला असता. त्याने कापलं. चांगला शिजलेला, कडेला खरपूस झालेला तुकडा आश्लेषाच्या ताटलीत ठेवला.

“खा. गार झाल्यावर वातड होईल.”

“बाबा...”

“मी नाही खाणार. पण तू उपाशी बसायचं नाहीस. खा म्हणतो ना!”

ती रडत रडत खायला लागली. मीनाक्षीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “आता पाणी पी आधी.” एकनाथ एकेक तुकडा भाजून लेकीला वाढत राहिला.

इमो परतली तेव्हा तिला दोन गोष्टी दिसल्या: पाहुण्याच्या हातात तिचा चिमटा आणि पाहुण्याची ताटली कोरी. तिने चिमटा काढून घेतला. “पापा नो ईट? व्हाय?”

एकनाथने छातीवर हात ठेवला. “बीफ, नो. माय मदर टोल्ड.”

“मदर?”

“मदर. नाऊ नो मोअर.”

इमोने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग जाळी उचलली, आतून स्वच्छ जाळी आणून बसवली आणि डुकराच्या मांसाच्या जाड पट्ट्या त्यावर मांडल्या. एकनाथने सवयीने चिमट्याकडे हात नेला, तर तिने तो चापट मारून बाजूला केला. आश्लेषा डोळे पुसता पुसता खुदकन हसली.

भाजून झाल्यावर इमोने तळहातावर लेट्यूसचं पान घेतलं, त्यात मांस, भाताची चिमूट, भाजलेली लसूण, लाल चटणीचा ठिपका ठेवून पुरचुंडी केली आणि ती एकनाथच्या हातात न देता थेट तोंडासमोर धरली.

“वन बाइट!”

पन्नाशीला आलेला माणूस गोंधळून बायकोकडे बघायला लागला. मीनाक्षी म्हणाली, “अहो, उघडा तोंड! मावशी भरवतेय.”

त्याने तोंड उघडलं. घास एवढा मोठा की गाल फुगले, बोलायची सोय उरली नाही. त्याला कोणी असं भरवून किती वर्षं लोटली होती कोण जाणे. चावता चावता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चटणीचं आहे असं त्याने खुणेने सांगितलं. लगेच दुसरी पुरचुंडी तयार होती. त्या दिवशी तो बसून, पोटभर, दुसऱ्याच्या हातचं जेवला.

परतीच्या वाटेवर मीनाक्षी म्हणाली, “मला नाही आवडलं तिने खाल्लेलं.”

“मलाही नाही.”

“पण लपवून खात होती ते जास्त लागलं.”

“हो.”

पुढच्या रविवारी सकाळी आश्लेषाचा फोन आला. या वेळी ‘ऑल गुड’ नव्हतं. केमिस्ट्री जमत नाही, पहिल्या सेमिस्टरलाच नापास झाले होते, डॉक्टर व्हायचंच नाहीये, लहान मुलांना शिकवायचंय, असं सगळं ती एका दमात बोलून गेली आणि थांबली.

एकनाथ अंगणात उभा होता. तो खुर्ची ओढून बसला.

“शाळामास्तरीण?” तो म्हणाला. “आमच्या घराण्यात अजून कोणी झालं नाही. बरं, आता सावकाश सांग. सुरुवातीपासून. मला कुठे जायचं नाहीये.”