सात हिरवाच आहे

राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात मी अकरा वर्षं केसपेपर सांभाळले. हातकणंगल्याहून सकाळची एसटी, नऊला कुलूप उघडायचं, साडेनऊला पहिला पेशंट आत. केसपेपर शेवटच्या आकड्याप्रमाणे दहा फळ्यांवर लावलेले. नंबर ऐकला की हात बरोबर फळीवर जायचा, कारण मला आकडे रंगीत दिसतात. छापलेला आकडा काळा आहे हे कळतं, पण त्याच वेळी सात हिरवा असतो, दोन तांबडा, चार पाटीसारखा करडा. शाळेत असताना एकदा बोलून गेले. बाई म्हणाल्या, "आणि नापासाचा रंग कुठला गं?" वर्ग हसला. नंतर कुणाला सांगितलं नाही.

नोकरीला सहा वर्षं झाली तेव्हा डॉक्टरांच्या सूनबाईंनी कारभार हातात घेतला. त्यांनी प्रत्येक फळीला रंग ठरवला आणि केसपेपरच्या कडेला त्या रंगाची पट्टी लावून घेतली. कल्पना चांगली होती, मीही तेच केलं असतं. फक्त त्यांनी साताला तांबडी पट्टी दिली.

पहिल्याच आठवड्यात साताचे पेपर दोनाच्या फळीवर जाऊ लागले. मग वारणानगरच्या एका आजींचा पेपर सापडेना. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की यांना पेनिसिलिन चालत नाही. सुई भरून तयार झाली, तेव्हा आजीच ओरडल्या, "ती सुई नगं, अंगभर गांधी उठत्यात!"

"सहा वर्सांत एक कागद हललेला न्हाय," कंपाउंडरमामा म्हणाले, "आन् आता हे काय? चष्मा लावा की ताई."

सूनबाईंनी चष्म्याचं नाव काढलं नाही. "एक तारखेपासून तुम्ही बाहेर नंबर द्यायला बसा. केसपेपर दुसरं कुणीतरी बघेल."

आजींना काही झालं असतं तर दोष माझा असता, हे मला मान्य होतं. केसपेपरची खोली सोडणं मान्य नव्हतं. घरी जाऊन वही उघडली आणि माझी प्रत्येक चूक मांडली: पेपरचा आकडा, पट्टीचा रंग, पेपर गेला कुठे. एकोणीस चुका. पट्टीचा रंग मला ज्या आकड्याचा दिसतो, प्रत्येक पेपर त्याच आकड्याच्या फळीवर गेलेला.

सकाळी वही डॉक्टरांपुढे ठेवली आणि शाळेनंतर पहिल्यांदा सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. मला दिसणारे रंग त्यांनी एका कागदावर उतरवून घेतले आणि कागद खणात टाकला. दहा दिवसांनी, मी चहा घेत असताना, आकडे उलटसुलट विचारले. एकही रंग बदलला नव्हता.

मग त्यांनी समजावलं. आकडा ओळखणारा मेंदूचा भाग आणि रंग ओळखणारा भाग शेजारी शेजारी असतात. काहींच्या मेंदूत त्यांच्यातले दुवे इतरांपेक्षा जास्त असावेत, म्हणून एक जागा झाला की दुसराही होतो. सगळं अजून उलगडलेलं नाही, असंही ते म्हणाले.

"म्हंजे वायरिंग चुकलंय म्हणा की," मामा म्हणाले.

"चुकलेलं न्हाय मामा. जास्तीचं हाय," मी म्हटलं.

सूनबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "एका माणसासाठी अख्खी पद्धत बदलायची?"

"तुम्हाला सात तांबडा काय आणि हिरवा काय, सारखंच ना?" मी विचारलं.

"हो."

"मामा, तुम्हाला?"

"मला काय, जांभळा लावा न्हाय तर पोपटी."

"मग ज्याला फरक पडतो त्याच्या मनाने होऊ दे. तुमचं काही अडत नाही, माझं अडतं. आणि माझं अडलं की पेशंटचं अडतं."

डॉक्टर म्हणाले, "करून बघू." मुंबईला नेऊन मेंदूचा फोटो काढता येईल का, याची चौकशी करायलाही ते तयार होते. मी नको म्हणाले. मला माझी फळी हवी होती, फोटो नको.

तीन रविवार बसून पट्ट्या स्वतः बदलल्या. एक तारखेला मी केसपेपरच्या खोलीतच होते. सूनबाईंनी मनाला येतील ते वीस नंबर सांगितले, मी वीस पेपर काढून दिले. तपासून झाल्यावर त्या शेवटच्या फळीपाशी थांबल्या.

"शून्याला पट्टी लावायची राहिली."

"राहिली नाही. शून्याला रंग नाही."

"अहो, पण दिसायला बरं दिसत नाही. पांढरी तरी लावा."

"पांढरा एकाचा आहे," मी म्हटलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला.