मीटरच्या फडक्याची गाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माहेरी नाही, आणि घरी यांना तर नाहीच.

गावोगावी टीव्हीच्या छत्र्या बसू लागल्या तेव्हाची गोष्ट. हे आणि माझे धाकटे दीर, दोघे मिळून जुन्नर-आंबेगावात छत्र्या बसवायचे. दोघांत एकच सिग्नल मीटर, तळहाताएवढा. वायर जोडायची, छत्री केसभर-केसभर फिरवायची. सिग्नल सापडला की काटा चढतो, बारीक शिट्टी वाजते. भाऊजी तो माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवायचे.

एकदा मी म्हटलं, "मला शिकवा की." हे हसले. "तू भाकऱ्या बघ. आभाळातलं तुला काय कळतंय?"

म्हणून मी — नाही, म्हणून कशाला? मला हौस होती. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. आमच्याच स्लॅबवरच्या छत्रीला मी मीटर जोडला. फिरवता फिरवता काटा चढला, शिट्टी वाजली. खरं सांगते, अंगावर काटा आला. कुणी ऐकलं का म्हणून दचकून मागं पाहिलं — आणि मीटर हातातून सुटला.

काच शाबूत होती. काटा मात्र हलेना. मी तो फडक्यात बांधून भाऊजींच्या पिशवीत ठेवला. सांगता आलं नसतं का? आलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी एकटेच आहुप्याला छत्री बसवायला गेले. दिवसभर छत्री फिरवत बसले. लोक म्हणाले, "पावणं, आमच्यावरचं आभाळ येगळं हाय का काय?"

संध्याकाळी यांनी मीटर उघडला. आत तुटलं होतं.

"पाडलास ना?"

"नाय, दादा."

"मग काय वैनीनं पाडला?"

हे चेष्टेनं बोलले. भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. मी पीठ मळत होते.

"मी त्याला हातबी लावत नाय," मी म्हणाले.

"चूक चालंल, खोटं नाय चालायचं," एवढं बोलून यांनी त्यांना कामावरून काढलं. भाऊजी चाकणला कंपनीत लागले. अजून सणाला दोघे भाऊ एका पंगतीत बसतात — बोलत नाहीत.

आणि हे सांगायला सगळ्यांत जड जातं. भाऊजी फडक्याला सैल सुरगाठ मारायचे. मी घाईत मारली ती शेतावरच्या भाकरीला मारते तशी, दुहेरी, घट्ट. आहुप्याला ती त्यांनीच सोडली होती. तरी त्या संध्याकाळी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. चाकणला जाताना फडकं माझ्या हातात दिलं. "वैनी, हे तुमचं."

ते माझ्या पेटीत आहे. मीटर मी पाडला. खोटं मी बोलले.