नळाखाली पाइप नव्हता

पोस्टर देखणं होतं, हे आधी सांगून टाकते. काळ्या पार्श्वभूमीवर अण्णांचा चेहरा, गळ्यात अडकवलेला प्लास्टरमधला हात, आणि वर लाल अक्षरांत: सीमाभागात भाषेवरून पत्रकाराला मारहाण. सकाळी आमच्या दिल्लीच्या ऑफिसातून निघालं आणि दुपारी माझ्या बेळगावातल्या निम्म्या नातेवाइकांच्या स्टेटसवर लागलं. मामाने फोन करून मला शाबासकी दिली. मी "थँक्यू मामा" म्हटलं आणि दात आवळून बसले. त्या पोस्टरवरचं कारण खोटं होतं.

मी पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. कुणाला धमकी आली, कुणाचा कॅमेरा फुटला, कुणावर केस पडली, याची खात्री करून नोंद करायची, हे माझं काम. बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात मी एकटीच. आमची एक पद्धत आहे. नोंद बाहेर जाण्याआधी ज्याला मार बसला त्याला ती फोनवर, त्याच्या भाषेत, पूर्ण वाचून दाखवायची. त्याने हो म्हटलं की मगच टाकायची. मी इंग्रजी शाळेत शिकले, माझं मराठी पुस्तकी, त्यात अनोळखी माणसाशी बोलताना माझे हात गार पडतात. पण या एका पद्धतीमुळे मी या नोकरीत टिकले.

अण्णा निपाणीजवळच्या एका खेड्यातून मराठी पेपरला बातम्या देतात. त्यांच्या गावात पाण्याची योजना झाली, दारोदारी नळ उभे राहिले. अण्णांनी मोबाइलसमोर उभं राहून त्यातला एक नळ मुळ्यासारखा उपटून दाखवला. खाली पाइप नव्हता. नुसती माती. व्हिडिओ फिरला आणि ठेकेदाराच्या माणसांनी त्यांना कोगनोळी नाक्याजवळ चहाच्या गाड्यावर गाठलं. "लई नळ उपटाय येतंय व्हय रं तुला?" म्हणत त्यांचा हात पिरगाळून मोडला. ठेकेदार मराठी, मारणारे मराठी, शिव्याही मराठी. मी तसंच लिहिलं आणि तसंच वाचून दाखवलं.

"मॅडम, तुमी रेडिओवरच्या बातम्या सांगिटल्यागत वाचताय," अण्णा म्हणाले. "पर बराबर हाय. आसंच झालतं. टाका."

दिल्लीत प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या मॅडमनी पोस्टर करताना माझ्या नोंदीतला ठेकेदार काढला, नळ काढला आणि तिथे भाषा घातली.

मी फोन केला. त्या इंग्रजीत, लहान मुलीला समजावतात तशा बोलत होत्या. "नळाची बातमी कोण वाचणार? तुमच्याकडे बॉर्डर आहे. लोकांना ते लगेच कळतं."

"पण तसं झालंच नाही."

"हात तर मोडलाय ना?"

मला भांडता येत नाही. उत्तरं फोन ठेवल्यावर सुचतात. या खेपेला सुचलं ते असं: मी इथे वाढले. घरी मराठी, दुकानात कन्नड, शाळेत इंग्रजी. भाषेवरून बसच्या काचा फुटलेल्या मी पाहिल्या आहेत. तो वाद खरा आहे, त्यात लोकांनी खरंच सोसलंय. आणि तुम्ही तो एका नळचोराला पांघरायला दिलात.

दुसऱ्या दिवशी अण्णा तक्रार द्यायला ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी त्यांच्यासमोर तेच पोस्टर धरलं.

"साहेब म्हणाले, तुमचीच माणसं म्हणत्यात भाषेवरनं झालंय, मग ठेकेदाराचं नाव कशाला घालतोस? घालायचीच आसंल तर भाषेवरनं तेढ वाढवल्याची केस घालतो, तुझ्यावर बी," अण्णांनी फोनवर सांगितलं. "आनि ऐका तरी. भाषेसाठी मार खाल्ला म्हनून गावच्या मराठी मंडळानं माझा सत्कार ठेवलाय. शाल कोन घालनार म्हाईताय? ठेकेदार. मंडळाचा उपाध्यक्ष हाय न्हवं त्यो!" ते हसायला लागले.

"दात काय काढताय?" मागून वहिनींचा आवाज आला. मग फोन त्यांच्या हातात गेला. "ताई, ह्यांच्यावरच केस पडली तर पेपरवाले ह्यांना ठेवतील व्हय? तुमीच लावलंय ते. तुमीच काढा."

मी दिल्लीला दुरुस्तीची परवानगी मागितली. उत्तर आलं, दुरुस्तीने संस्थेची विश्वासार्हता जाते, आठवडाभर थांबू. एका आठवड्यात अण्णांवर केस पडली असती. मी दुरुस्ती लिहिली. पोस्टरवरचं कारण चुकीचं होतं, मारहाण नळाच्या बातमीमुळे झाली, ठेकेदार अमुक. अण्णांना फोनवर वाचून दाखवली. या वेळी ते हसले नाहीत. "टाका," म्हणाले. वेबसाइटवर टाकायचा अधिकार माझ्या लॉगिनला होता. मी टाकली.

लगेच दिल्लीचा फोन आला. "कुणाला विचारून?" मॅडमनी विचारलं.

"ज्यांचा हात मोडलाय त्यांना," मी म्हटलं. आणि फोन ठेवला.

अण्णांनी दुरुस्ती छापून ठाण्यात नेली. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि कुरकुरत ठेकेदाराच्या नावानिशी तक्रार घेतली. तेवढं झालं. पण ती दुरुस्ती कुणी स्टेटसला लावली नाही. मामाला मी फोन करून खरं काय ते सांगितलं, पोस्टर काढ म्हटलं. "राहू दे गं," तो म्हणाला. "लोक चांगलं म्हणायलेत."

सत्काराला अण्णा गेले नाहीत. मंडळाने पोस्टरचा मोठा फ्लेक्स केला आणि ठेकेदाराने त्या फ्लेक्सलाच शाल घातली. अण्णांनी मला फोटो पाठवला, आणि मागोमाग फोन.

"मॅडम, फ्लेक्स कशाला बांधलाय बघा तरी. नळाला! वारं सुटू द्या, आडवा हुतोय. खाली पाइप कुठाय?"

ते पोट धरून हसत होते. मला हसू आलं नाही. मी फोटो मोठा करून ठेकेदाराचा चेहरा बघत बसले. तोही हसत होता.