वीरशय्येवर लागलेली झोप

मेलेल्या माणसाची भूमिका मला मिळाली ती माझ्या अभिनयामुळे नव्हे. आदल्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळाच्या जिवंत देखाव्यात मी मावळा होतो, आणि तोल जाऊन थर्माकोलचा अख्खा बुरूज घेऊन प्रेक्षकांत पडलो होतो. त्यामुळे या वेळी अध्यक्षांनी आधीच सांगून टाकलं, "शेठ, तुम्हाला असा रोल देतो की ज्यात हलायचंच नाही."

"आणि बोलायचं?"

"ते तर अजिबात नाही."

त्या वर्षी देशावर मोठा घाला पडला होता. सीमेकडून बातम्या यायला लागल्या तसं सगळं श्रीरामपूर टीव्हीसमोर बसलं. आम्हीही रडलो; खोटं कशाला सांगू, खरोखर रडलो. पण पंधरा दिवसांत बाजाराच्या लक्षात आलं की रडण्यालाही गिऱ्हाईक आहे. चौकाचौकात हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फ्लेक्स लागले, त्यांत जवानांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे. कापडवाल्याने 'श्रद्धांजली सेल' काढला. आइस्क्रीमवाल्याने तिरंगी कुल्फी आणली आणि तिच्या काडीला काळी फीत बांधली. हे बघून मी घरी येऊन "लोकांना लाजच राहिली नाही" म्हणून तासभर तणतणलो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या गाद्यांच्या दुकानावर पाटी लावली: 'वीरशय्या! जवानांना आमची मानवंदना. डबल गादीवर दोन उशा मोफत.'

नाव माझंच होतं. सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश होऊन दुकानात एक फेरी मारली होती.

बायको पाटी वाचून म्हणाली, "अहो, पण जवान कुठे एवढ्या मऊ गादीवर झोपतात?"

"तुला जाहिरातीतलं कळत नाही," मी म्हणालो.

तर देखावा असा ठरला. जवानाचं पार्थिव घरी आणलं आहे, म्हातारी आई त्याच्यावर पडून विलाप करते आहे, मागे करुण संगीत, मशीनमधून धूर, आणि शेवटी टेपवरचा भारदस्त आवाज. पार्थिव ज्या गादीवर ठेवायचं ती आमच्या दुकानाची. टेपच्या शेवटी वाक्य होतं, 'या देखाव्यातील वीरशय्येचे सौजन्य...' आणि पुढे दुकानाचं नाव, पत्ता. म्हणजे प्रायोजकही मी आणि प्रेतही मीच.

आईचं काम आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याकडे होतं. मिशी काढायला त्याने ठाम नकार दिल्यामुळे ती आई सबंध देखावाभर तोंडावर पदर धरून रडायची. तेवढा विलाप टेपवर नव्हता, प्रत्यक्ष होता. म्हणून माझ्या उशीत माइक लपवला होता. हा माइक लक्षात ठेवा. मी विसरलो, तिथेच घोटाळा झाला.

गणपतीच्या पाचव्या दिवशी देखावा सुरू झाला. संध्याकाळी सात ते साडेनऊ, लागोपाठ प्रयोग. भाड्याने आणलेल्या वर्दीचं पोटावरचं बटण लागत नव्हतं, तिथे फुलं टाकली. पहिला दिवस मी असा काही मेलो की बायका डोळे पुसत बाहेर पडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वीरशय्येची चौकशी करायला दुकानात आल्या. मी आरशात बघून मान हलवली. उगाच इतकी वर्षं कापूस भरत बसलो, असं वाटलं.

सहाव्या दिवशी दुपारी देवळाली प्रवऱ्याला टेम्पो भरून गाद्या पोचवायच्या होत्या. तिथे लग्नघर होतं, त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. परत येऊन घाईघाईने वर्दी चढवली आणि गादीवर आडवा झालो. आता आपलाच माल म्हणून सांगत नाही, पण गादी फार चांगली होती. आई रडत होती, धूर येत होता, संगीत मंद होतं. मला झोप लागली.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. टेपवरचा आवाज म्हणाला, "वीरा, तू चिरनिद्रा घेतलीस," आणि चारही स्पीकरमधून खर्रर्र असा आवाज गल्लीभर घुमला. आधी लोकांना वाटलं, मशीन बिघडलं. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा सलूनवाला पदराआडून कुजबुजला, "शेठ, ओ शेठ!" तेही माइकमधून सगळ्यांनी ऐकलं. त्याने मला चिमटा काढला. मी दचकून उठून बसलो आणि समोर माणसं बघून सवयीने विचारलं, "किती बाय किती पाहिजे? चार बाय सहा?"

गर्दीतून एक बाई मोठ्याने हसली. अगदी खळखळून. "आरं, जित्ता हाय! ह्यो जित्ता हाय की!"

मग सगळी गल्ली हसली. अध्यक्षांनी पडदा पाडला आणि पडद्यामागे मला जे ऐकवलं ते गणपतीसमोर बोलू नये असं होतं. "उद्या परीक्षक येणारेत! तालुक्याची स्पर्धा आहे! शेठ, तुम्हाला मरतासुद्धा नीट येत नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय तोच कालची हसणारी बाई पायरीवर येऊन उभी राहिली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशी. मूळच्या नेवाशाकडच्या, नवरा नाही, एकुलता एक मुलगा सैन्यात. मला वाटलं, आता चप्पल निघणार. मी आधीच हात जोडले.

"मावशी, चुकलं माझं."

"आरं, चुकलं कशाला? बस खाली." त्या स्वतःच माझ्या गादीवर बसल्या. "माझ्या पोराचा फोन न्हाई आठ दिस झाले. त्याची चौकी लई वर हाय, रेंज येत न्हाई, ठावं हाय मला. पन ह्या बातम्या. टीव्ही लावला की त्येच, बाहीर आलं की फ्लेक्स. तुझ्या देखाव्याला मी दोन्ही दिस आले बाबा. घरात बसवंना, आन् तिथं बघवंना. तुझी उंची त्याच्यावानीच. पदर तोंडात धरून हुबी हुते मी."

माझी नजर वर गेली. दुकानावरची पाटी त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर होती.

"आन् तू घोरलास," त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. "माझं पोरगं बी असंच घोरतंय. जीव भांड्यात पडला बघ. राती नीट झोपले मी. आज बी उठशील ना?"

"मावशी, आज परीक्षक आहेत."

"मग न्हाई उठायचा?"

"आज मरावं लागेल."

त्या उठल्या, लुगडं झटकलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. पायरी उतरताना मागे वळून म्हणाल्या, "मी येते तरीबी."

संध्याकाळी अध्यक्षांनी मला तीन कप चहा पाजला आणि गणपतीपुढे उभं करून हलणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. ती मी घेतली, आणि मनापासून घेतली. बक्षीस मिळालं तर मंडळाचं नाव होणार होतं आणि वीरशय्येचंही, हे मी लपवत नाही.

परीक्षक पुढच्या खुर्च्यांवर बसले. धूर सुटला. सलूनवाल्याने त्या दिवशी काय रडणं काढलं! एक परीक्षक चष्मा पुसायला लागले. मी डोळे मिटून होतो, पण अगदी मिटून नव्हतो. पापण्यांच्या फटीतून मला मावशी दिसल्या. डाव्या बाजूला, दोरीला धरून. पदराचा बोळा तोंडात. माझ्याकडे बघत होत्या, नुसत्या बघत होत्या. टेप 'चिरनिद्रा'पाशी आली. आता माझ्यावर पांढरी चादर ओढायची होती. सलूनवाल्याने चादरीचं टोक धरलं तसे मावशींनी डोळे गच्च मिटले.

मी उठून बसलो.

देवाशपथ सांगतो, पुढे काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं. फुलं खाली पडली, पोटावरचं बटण उघडं पडलं. मी सलूनवाल्याकडे बघून म्हणालो, "आई, भूक लागली गं. भाकरी हाय का?"

सलूनवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. पदर सुटला, मिशी दिसली. पण हा माणूस मोठा कलावंत. एका दमात तो म्हणाला, "आधी हातपाय धुऊन घे मुडद्या! किती दिवसांनी आलास!"

शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. अध्यक्ष डोक्याला हात लावून खाली बसले. आणि मावशी दोरीला धरून हसत होत्या, रडत होत्या, शेजारणीला धपाटे घालत होत्या.

बक्षीस अर्थातच दुसऱ्या मंडळाला गेलं. त्यांच्या देखाव्यात दोन पार्थिवं होती आणि खरी ॲम्ब्युलन्स.

पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या देखाव्याला अशी गर्दी लोटली की अध्यक्षांनीच नवा कार्यक्रम जाहीर केला: जवान सुट्टीवर घरी येतो आणि जेवतो. बस्स, एवढंच. पिठलं-भाकरी मावशी घरून आणायच्या. प्रयोग आठ, जेवणंही आठ. दुसऱ्या दिवशी वर्दीचं दुसरं बटणही गेलं. टेपवरचं 'सौजन्य' मी काढून टाकायला लावलं. दुकानावरची पाटीही काढली. "का हो?" बायकोने विचारलं. "पावसाने खराब झाली," मी म्हणालो. पाऊस पडला नव्हता.

नवव्या दिवशी, चौथ्या जेवणाच्या मध्यात, माझ्या तोंडात घास असताना मावशी दोरी ओलांडून थेट मंचावर आल्या. हातात मोबाईल. "आला! आला! आरं, पन ऐकूच येत न्हाई ह्या वाजंत्रीत!" सलूनवाल्याने संगीत बंद करायला लावलं. मी उशीतला माइक उपसला आणि फोनला लावला.

स्पीकरमधून खरखर झाली, मग लांबून, डोंगरापलीकडून आल्यासारखा आवाज आला: "हॅलो, आई? हॅलो? आवाज येतोय का?"

"येतोय!" सगळी गल्ली एका सुरात ओरडली.

पलीकडून घाबऱ्या आवाजात, "आई, घरी एवढी माणसं कशाला जमलीत? काय झालं?"

"काय न्हाई रे बाबा," मावशी म्हणाल्या, "तू जेवतोयस, त्ये बघायला आलीत."

दिवाळीला तो सुट्टीवर आला. मी देखाव्यातली ती गादी आधीच मावशींच्या घरी पोचवली होती, मानवंदना म्हणून नव्हे, तशीच. चौथ्या दिवशी तो गादी डोक्यावर घेऊन दुकानात हजर.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला, "पण हिच्यावर पाठ धरली माझी. दोन रात्री खालीच झोपलोय."

आतून बायकोचं हसणं ऐकू आलं.